खाच आणि माशी

रायफल सकाळी साडेनऊला आली, जुन्या चादरीत गुंडाळून. चादरीच्या गाठीवर लाखेचं सील होतं आणि सोबत एक कागद. कागदावर दरवेळचाच प्रश्न होता: हत्यार चालू हालतीत आहे का?

प्रभाकर चौधरी बुऱ्हाणपूरच्या पोलीस लाइनीत आर्मोरर होते. म्हणजे पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करायच्या, आणि गुन्ह्यात जप्त झालेल्या बंदुका चालतात की नाही ते लिहून द्यायचं. सव्वीस वर्षांत त्यांनी ‘हत्यार चालू हालतीत आहे’ हे एक वाक्य हजारभर वेळा लिहिलं असेल. याहून जास्त आपल्याला कोणी काही विचारत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ असायचं, आणि ऐकणारा सापडला की त्याची लवकर सुटका नसायची.

एरवी बंदूक घेऊन शिपाई येतो. आज सब-इन्स्पेक्टर रश्मी सोनवणे स्वतः आली होती.

“काका, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाहिजे,” ती म्हणाली. चारचौघांत ती त्यांना चौधरीजी म्हणायची, एरवी काका. “उद्या रिमांड संपतोय. खुनाचं कलम लागलंय.”

“कोणावर?”

“निंबा पाटील. शाहपूरकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले.”

चौधरींचा हात गाठीवरच थांबला. निंबा पाटलांना अर्धा जिल्हा ओळखत होता, तो त्यांच्या डब्यामुळे.

केळीच्या मळ्यात रानडुकरं घुसतात, खोडं उलथून टाकतात. त्यावर पाटलांनी आपला एक इलाज काढला होता. बांधावरच्या चिंचेला, जमिनीपासून आठ फुटांवर, तेलाचा रिकामा डबा टांगलेला. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता ते मळ्यातल्या घराच्या ओट्यावर बसायचे, वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवायचे आणि शंभर मीटरवरच्या त्या डब्यावर एक गोळी मारायचे. एकच. डबा टण्णकन वाजायचा. त्या आवाजाने डुकरं आठवडाभर येत नाहीत असं पाटील सांगायचे. डुकरांचं डुकरं जाणोत, पण गावातली माणसं त्या आवाजावर घड्याळं लावायची.

“या शनिवारी गोळी सुटली,” रश्मी म्हणाली, “आणि डबा वाजला नाही.”

“मग?”

“चिंचेखाली वामन महाजन उभा होता. शेजारचा शेतकरी. गोळी डोक्यात मागून गेली, जागीच संपला. बारा वर्षांपासून दोघांचं बांधावरून भांडण होतं, बोलणं बंद होतं. सगळा गाव साक्षीला तयार आहे.”

“अगं, पण नेम चुकला असेल.”

“तेच तर मी त्यांना विचारलं, काका. तीनदा विचारलं. आबा, नेम चुकला का? फक्त ‘हो’ म्हणा. निष्काळजीपणाचं कलम लागेल, जमानत होऊन जाईल. तर म्हणतात, माझा नेम चुकत नाही.” तिने कपाळावर हात मारला. “ज्याचा नेम कधी चुकत नाही त्याच्या गोळीने माणूस मेला, मग तो नेम कशावर होता? वकील कोर्टात हेच विचारणार. हा माणूस स्वतःच्या तोंडाने जन्मठेप मागतोय.”

तिला झोप लागलेली नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चौधरींनी सील तोडलं.

रायफल पॉइंट तीनशे पंधराची होती, देखणी, तेलपाणी केलेली. चौधरींनी बोल्ट मागे ओढला, नळीतून उजेड बघितला, घोडा दाबून पाहिला. मग सवयीने रायफल खांद्याला लावली. एकदा खाली घेतली आणि पुन्हा लावली.

“काय झालं?” रश्मीने विचारलं.

“हे बघ. मागे ही खाच. पुढे नळीच्या टोकावर हा उभा लोखंडी दाणा, ही माशी. माशीचं डोकं खाचेच्या काठांबरोबर एका रेषेत आणायचं, वर नाही आणि खाली नाही, आणि मग निशाण त्यावर बसवायचं. माशी उंच असली तर गोळी खाली जाते. बुटकी असली तर वर. लोकांना हे नेहमी उलटं वाटतं.”

“काका, हे तुम्ही मला मागच्या इलेक्शनमध्येही सांगितलंय. लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा होत होत्या ना, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पकडून सांगत होता.”

“सांगितलेलं वाया जात नाही,” चौधरी म्हणाले. त्यांनी कपाटातून त्याच बनावटीची सरकारी रायफल काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि मोजपट्टी लावली. मग भिंग घेतलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि हे रश्मीला नवीन होतं.

“ही माशी कंपनीची नाही. हातानं घासून बनवलेली आहे, पोलादी पट्टीतून. काम साफ आहे. आणि असायला पाहिजे त्याच्यापेक्षा चार मिलिमीटर उंच आहे.”

“चार मिलिमीटर म्हणजे किती, काका? नखाएवढं.”

“खाच आणि माशी यांच्यात अर्धा मीटर अंतर आहे. डबा शंभर मीटरवर. दोनशेपट झालं. इथले चार मिलिमीटर तिथे ऐंशी सेंटिमीटर होतात.” त्यांनी रायफल टेबलावर ठेवली. “आठ फुटांवरच्या डब्यातून ऐंशी सेंटिमीटर वजा कर.”

रश्मीने मनात हिशेब केला. साडेपाच फूट उरत होते. वामन महाजनाचं डोकं.

दुपारी त्यांनी लाइनीच्या चांदमारीवर पाच गोळ्या झाडल्या. शंभर मीटर, वाळूचं पोतं, माशी आणि खाच बरोबर रेषेत. पाचही गोळ्या निशाणाच्या हातभर खाली, एका तळव्यात मावतील इतक्या जवळ.

“म्हणजे कोणीतरी माशी बदलली,” रश्मी म्हणाली. “पाटलांना माहीत नसताना. वामन कुठे उभा राहतो हे माहीत असलेल्या कोणीतरी. हा तर ठरवून केलेला खून आहे.” तिच्या आवाजात जोर आला होता. “रायफलला हात कोण लावू शकतं? घरात दोघंच. पाटील आणि मुलगा ललित.”

“मुलगा काय करतो?”

“इतवारा मोहल्ल्यात पॉवरलूमचा फिटर आहे. मागाचे सुटे भाग घासून बसवून देतो.”

पोलादी पट्टी, कानस, साफ हात. दोघांच्याही मनात एकच आलं.

ठाण्याच्या कोठडीत निंबा पाटील भिंतीला पाठ न टेकता ताठ बसले होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस, आणि दोन दिवसांत कोणी त्यांना ओणवं झालेलं पाहिलं नव्हतं. चौधरी बाहेरच्या स्टुलावर बसले.

“आबा, मी बंदुकांचा माणूस आहे. मले फक्त बंदुकीचं सांगा. नेम कशावर होता?”

“डब्यावर. मधोमध.”

“माशी आणि खाच?”

“बरोब्बर. एका रेषेत.” पाटलांनी हवेत बोट धरून दाखवलं. “सायेब, दोन वर्षांत इतका साफ डबा मी पाह्यला नव्हता. त्याच्यावरचे गंजाचे चट्टे मोजता आले असते.”

“मग गोळी वामनला कशी लागली?”

म्हाताऱ्याचा चेहरा पहिल्यांदा हलला. “तेच मले समजत नाही. दोन दिवस झाले, डोळे मिटले का तोच डबा दिसते. वामन खाली उभा, पाठमोरा. त्याची टोपी दिसते. मी घोडा दाबला, आणि टोपी दिसेनाशी झाली.”

“खाली माणूस उभा आहे हे दिसत होतं, तरी गोळी मारली?”

“तो रोजच उभा राह्यचा.”

“रोज?”

“दर शनिवारी. बारा वर्षं. मी म्हटलं व्हतं, बांधावरून बाजूला हो. तो म्हणे, बांध माझा आहे, तू डबा काढ. मी म्हटलं, चिंच माझी आहे. मग तो डब्याखाली येऊन उभा राह्यला. तोंड तिकडे करून बिडी पेटवली. मार म्हणे.” पाटील थांबले. “मी मारली. डबा वाजला. तो हललाही नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा आला.”

रश्मी आणि चौधरी एकमेकांकडे बघत राहिले. मूर्खपणाला काही सीमा असते असं वाटतं, तेव्हा दोन म्हातारे शेतकरी येऊन ती पुढे सरकवतात.

“आबा, शेवटचं विचारतो. नेम चुकला असं म्हणायला काय जातंय?”

“तो माझ्या नेमाच्या भरवशावर उभा व्हता. मी नेम चुकला म्हणू? मग तो बारा वर्षं येडा ठरला.”

दुसऱ्या दिवशी रिमांड एका दिवसाने वाढवून घेऊन रश्मी चौधरींना मळ्यावर घेऊन गेली. चिंच बांधावर होती. डबा अजून टांगलेला होता, वाऱ्याने हलत होता. मागे नाल्याची उंच दरड, काळ्या मातीची.

चौधरींनी डबा खाली उतरवला. मधल्या भागात वीतभर जागेत दहा भोकं होती.

वामनची बायको मालूबाई बांधापलीकडे उभी राहून बघत होती. ती आपणहून पुढे आली. तिचे डोळे कोरडे होते, आणि ते जास्त वाईट दिसत होतं.

“हा डबा कधीचा, बाई?”

“दिवाळीचा. जुना चाळणी झाला का निंबाभाऊ नवा टांगत.”

“तुमच्या मालकांचं आणि पाटलांचं वैर होतं?”

“वैर?” तिने पदर कपाळावर ओढला. “तोंडानं एक शब्द नव्हता बारा वर्षांत. पण शनिवारी पाच वाजले का हे टोपी शोधायला लागत. महिनाभर निंबाभाऊ रावेरला लेकीकडे गेले व्हते, तर यांना करमेना. गोळी नाही, काही नाही, तरी शनिवारी जाऊन चिंचेखाली उभे राहत, अन् घरी येऊन जेवत नसत. या शनिवारी सकाळी समजलं का निंबाभाऊ आले. धोतर बदलून गेले, साहेब. नवं धोतर.”

रश्मीने मान फिरवली. चौधरी मात्र दरडीकडे बघत होते. डब्याच्या उंचीवर माती जुन्या-नव्या गोळ्यांनी उकरलेली होती. त्याच्या बरंच वर, वेगळ्या सात-आठ खळग्या होत्या. त्यांच्यात गवत उगवलं होतं.

“या वरच्या कशाच्या?”

“त्या इलेक्शनच्या आधीच्या,” मालूबाई म्हणाली. “तेव्हा दोन महिने डबा वाजलाच नाही. गोळ्या वरून जात. हे घरी येऊन हसत, म्हणत, निंबा म्हातारा झाला. हसत, पण रात्री झोपत नसत. मग बंदुका ठाण्यात जमा झाल्या. परत मिळाल्या, त्या पहिल्या शनिवारपासून डबा पुन्हा टण्ण.”

“तेव्हापासून कधी चुकला?”

“कधीच नाही. या शनिवारपर्यंत.”

चौधरी चिंचेच्या मुळावर खाली बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. रश्मीला वाटलं उन्हाचा त्रास झाला.

“काका, पाणी?”

“रश्मी, ती माशी हल्ली बदललेली नाही. मी काल ती ठोकून काढली. खोबणीत गंज बसला होता, वर तेल आणि धूळ घट्ट होऊन थर झाला होता. दोन पावसाळे तरी ती तिथेच आहे. आणि हा डबा दिवाळीचा आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे हातभर खाली मारणाऱ्या रायफलीने ते दोन वर्षं दर शनिवारी डबा फोडत होते.”

“हे कसं शक्य आहे?”

“सरळ नेम धरणाऱ्याला शक्य नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “जप्तीच्या यादीत काय काय आहे? पाटलांच्या खिशातलं.”

रश्मीने मोबाइलवर यादी उघडली. “रुमाल. तंबाखूची डबी. काळा चष्मा. एक छोटी बाटली, थेंबांची.” ती वाचता वाचता थांबली.

“रावेरच्या लेकीला फोन लाव.”

पूर्णिमाने फोन घेतला तेव्हाच ती रडत होती. हो, तिनेच नेलं होतं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू, अगदी पिकलेला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षांपासून या डोळ्याने जेमतेम दिसत असेल. आबांनी शपथ घातली होती की ललितला सांगायचं नाही, गावात तर नाहीच नाही. डॉक्टरांनी महिनाभर धक्का बसू देऊ नका म्हटलं होतं, म्हणून आबा बरोबर महिना मोजून गेले. जाताना म्हणाले, या शनिवारी बघ, वामनची टोपीसुद्धा मोजून दाखवतो.

संध्याकाळी ठाण्याच्या मागच्या खोलीत चौघं बसली. टेबलावर रायफल, तिच्याशेजारी काढलेली ती माशी, आणि दहा भोकांचा डबा. निंबा पाटील एका खुर्चीवर, ललित दुसऱ्या. ललित चाळिशीचा होता, बोटांना मागाचं काळं तेल कायमचं लागलेलं. तो बापाकडे बघत नव्हता. रश्मी कागद घेऊन बसली होती.

चौधरींनी आयुष्यात पहिल्यांदाच सांगायची टाळाटाळ केली. घसा साफ केला, पाणी प्यायले.

“दोन वर्षांपूर्वी आबांच्या गोळ्या वर जायला लागल्या,” ते शेवटी म्हणाले. “रायफलीत दोष नव्हता. डोळ्यात मोतीबिंदू होता. धुरकट डोळ्याला संध्याकाळच्या उजेडात मागची खाच दिसत नाही. मग नेमबाज नकळत माशी वर काढतो, ती खाचेच्या बाहेर नीट उभी दिसेपर्यंत. त्याला वाटतं आपण रेषेतच धरलंय. गोळी मात्र वरून जाते. आबांनी हे कोणाला सांगितलं नाही. त्यांना स्वतःलाही कबूल नव्हतं.”

चौधरींनी टेबलावरची माशी उचलली.

“घरात हे एकानं ओळखलं. त्यानं दरडीवरच्या खळग्या मोजल्या, डब्याच्या किती वर आहेत ते. बापाला ‘तुम्हाला दिसत नाही’ असं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. मग त्यानं रायफल बापाच्या डोळ्याला जुळवून घेतली. बाप माशी जेवढी वर काढतो तेवढीच ती उंच केली. गोळी खाली आली. डबा वाजला. ललित, बरोबर?”

ललितने होकारार्थी मान हलवली. “आबा जेवत नव्हते, साहेब. दोन महिने. ओट्यावर बसून बंदूक पुसत राहायचे. गावातले पोट्टे हसायचे. मी विचार केला, एक छोटासा तुकडा आहे, काय फरक पडतो. ज्या दिवशी डबा वाजला ना, आबांनी मला जवळ बोलावून चहा दिला. बचपन के बाद पहिल्यांदा.”

“आणि त्यांचं ऑपरेशन झालंय हे तुला माहीत नव्हतं.”

“आत्ता मॅडमनी सांगितलं तेव्हा कळलं. मला सांगितलं होतं, पूर्णिमाच्या घरी लग्न आहे.”

“झालं ते एवढंच,” चौधरी म्हणाले. “बापानं डोळा दुरुस्त केला आणि मुलाला सांगितलं नाही. मुलानं माशी बदलली होती आणि बापाला सांगितलं नव्हतं. शनिवारी आबांना दोन वर्षांनी खाच स्पष्ट दिसली. त्यांनी माशी तिच्या काठाबरोबर आणली, शिकवलंय तशी, तंतोतंत. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा नेम खरा बरोबर होता. आणि म्हणूनच गोळी हातभर खाली गेली.”

बाहेर मोटरसायकलवर कोणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

“तुला हे कळलं कसं?” रश्मीने ललितला विचारलं. “माशी उंच केली की गोळी खाली येते हे. लोकांना उलटं वाटतं.”

ललितने पहिल्यांदा मान वर केली. त्याने चौधरींकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली घेतली, चूक त्याची एकट्याची असल्यासारखी.

“साहेबांनीच सांगितलं होतं. इलेक्शननंतर मी आबांसोबत बंदूक सोडवायला आलो होतो. मी म्हटलं, एका दोस्ताची बंदूक वर मारते. साहेबांनी मला बसवून घेतलं. कागदावर चित्र काढून दिलं. किती अंतराला किती घासायचं त्याचा गुणाकार पण शिकवला. चहा पाजला.” तो थांबला. “तुमच्या ध्यानात नसेल. खूप लोक होते.”

चौधरींच्या खरंच ध्यानात नव्हतं. त्यांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. शेकडो चेहरे होते, आणि त्या सगळ्यांना सांगताना त्यांना किती बरं वाटलं होतं तेवढंच आठवत होतं. कोणाची बंदूक, कोणाचा डोळा, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

“मॅडम,” निंबा पाटील म्हणाले, “पोराला जरा बाहेर पाठवा.”

ललित गेला. दार लागल्यावर पाटील खुर्चीत आणखी ताठ झाले.

“माझं बयान लिहा. माझा नेम चुकला.”

रश्मीचं पेन उचललेलं तसंच राहिलं. “आबा, तीन दिवस मी तुमच्यासमोर हात जोडत होते.”

“आता म्हणतो ना. म्हातारा झालो, हात हलला, नेम चुकला. माशी जुनीच आहे, मीच बसवली. पोराचं नाव कुठं येऊ देऊ नका.”

“ते आता होणार नाही, आबा. माशी जप्तीत आहे. गोळ्या झाडून झाल्यात. रिपोर्ट खोटा कसा लिहायचा?”

“मग माझ्या नेमाचा काय उपयोग झाला?” पाटील म्हणाले. रागाने नाही, खरंच विचारत असल्यासारखे. “वामन माझ्या भरवशावर उभा होता, तो गेला. पोरानं माझ्यासाठी केलं, तो अडकते. मी डोळा कोणासाठी केला? वामनले दाखवायसाठी. बारा वर्षं त्याच्याशी बोललो नाही मी, मॅडम. फक्त शनिवारी डबा वाजवायचो. त्याले समजत होतं.”

खुनाचं कलम जाईल, हे रश्मीला माहीत होतं. उद्या ती कोर्टात तसं सांगणार होती. त्या जागी निष्काळजीपणाचं येईल, बापलेक दोघांवर येईल, आणि मालूबाईच्या घरी नवं धोतर तसंच राहील. तिने जे सोडवलं होतं त्यातून कोणीच सुटत नव्हतं.

चौधरींनी आपला कागद पुढे ओढला. ‘हत्यार चालू हालतीत आहे,’ त्यांनी लिहिलं. सव्वीस वर्षं ते याच्या खाली आणखी काही लिहायची वाट बघत होते. आज जागा पुरली नाही. मोजमापं, गोळ्यांची जागा, खोबणीतला गंज, सगळं आलं. शेवटी एक ओळ लिहून त्यांनी सही केली.

रश्मीने ती वाचली. माशीची उंची बदलण्याची रीत आरोपीस सदर आर्मोररनेच समजावून दिली होती.

“काका, हे कशाला? हे कोणी विचारलेलं नाही.”

“मीही त्याला काही विचारलं नव्हतं,” चौधरी म्हणाले.

तिने तो कागद फायलीत लावला. मग पाटलांचं बयान घडलं तसं लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं आणि सहीसाठी पुढे केलं. त्यांनी सही केली, मोठ्या अक्षरांत, फौजेत करायचे तशी. पेन खाली ठेवून ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. ठाण्याचं फाटक बरंच लांब होतं, आणि ऊन उतरलं होतं.

“ऑपरेशन चांगलं झालं हो, सायेब,” ते म्हणाले. “ललित तिथं फाटकाशी उभा आहे. तोंडावर रुमाल धरून रडतोय. मले इथून सगळं दिसते.”